बाभळीचं दार

नांदेड,
९ जानेवारी २००५

प्रिय शंकर,

सलाम. सोबतची सीडी लातूर गाडीचा कंडक्टर वीरण्णा याच्या हाती देतो आहे. स्टँडवर स्वतः जाऊन घे. मागच्या वेळी त्या बिचाऱ्याला तुझ्या दुकानापर्यंत पायपीट करावी लागली, आणि ते मला त्याने दोन फेऱ्या ऐकवलं. फोन केला असता, पण फोनवर तू "हाव भाई, हाव भाई" म्हणतोस आणि एक अक्षर ऐकत नाहीस. लिहिलेलं निदान समोर राहतं.

सीडीत आरती मॅडमच्या कार्टून सिनेमासाठी काढलेली मागची चित्रं आहेत: विहीर, पार आणि पिठाची गिरणी. विहिरीच्या कठड्याचे दगड मी एकेक वेगळे रंगवले आहेत. तू एक दगड रंगवतोस आणि त्याचेच ठसे मारत सुटतोस. मॅडमना कळत नसेल, मला कळतं. उद्या सिनेमात कुठे दोन दगड जुळ्या भावांसारखे दिसले, तर मी ओळखीन की हे शिवशंकरचं.

आता मुद्दा. आरती मॅडमचा पुण्याहून फोन आला होता. सिनेमाचं पहिलंच चित्र, म्हणजे ज्या गल्लीत त्या पोरीची शेळी हरवते ती भूकंपाआधीची गल्ली, तुला दिल्याचं त्यांनी सांगितलं. अभिनंदन. मी विचारलं, शंकरला का? तर म्हणाल्या, "ते किल्लारीचेच आहेत ना, त्यांच्या हातात ती माती असणार."

माती. बरं.

मी हे कॉम्प्युटरचं मशीन कुणाकडून शिकलो नाही, हे तुला माहीत आहे. तू लातुरात क्लास लावून शिकलास. मी शेजारी इंग्रजी शब्दकोश उघडा ठेवून एकेक बटण दाबून पाहिलं, आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे थर, हे समजायला मला एक अख्खा रमजान लागला. उस्तादांच्या पाट्यांच्या दुकानात तुझ्याआधी मी शिकायला होतो. मराठी, उर्दू, हिंदी, तिन्ही लिप्यांत पाट्या रंगवणारा देगलूर नाक्यावर माझ्याशिवाय दुसरा कोण होता? तुमच्या लातूरच्या क्लासवाल्यांनी फ्लेक्स आणला आणि ब्रश वाळत टाकायला लावला, तरी मी उठून पुन्हा उभा राहिलो. एवढं सगळं करून पहिलं चित्र तुला, कारण तू कुठे जन्मलास!

असो. काम नीट कर. घाई करू नकोस.

तुझा,
मुनीब

*

लातूर,
१५ जानेवारी २००५

मुनीबभाई,

नमस्कार. सादियाभाभींना आणि तुम्हाला संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. गोड बोला. जमलं तर.

पायपिटीबद्दल वीरण्णाला चहा पाजला. त्यानं भजी पण मागवली, म्हणजे तक्रार मिटली समजा.

भाई, तुम्हाला वाटतं मी इथं दिवसभर मातीचा वास घेत चित्रं काढत बसलोय. आमच्या रोडला क्रॅश कोर्सचं असं वारं सुटलंय की विचारू नका. सकाळी दुकान उघडायच्या आधी क्लासवाले सर पायरीवर बसलेले असतात. टॉपरचा फोटो आणतात. चेहरा गोरा करा. मुरमं काढा. काल एक सर म्हणाले, "पोराच्या डोळ्यात चमक टाका." ते पोरगं वर्षभर झोपलेलं न्हाई, चमक कुठनं आणू? शेवटी दुसऱ्या क्लासच्या टॉपरच्या डोळ्यातली काढून ह्याला लावली. सर खूश. दोघं पोरं एकाच बेंचवर बसतात म्हणे.

ठशांचं तुम्ही म्हणता ते खरं हाय. पण तुमचे दगड बघून मला भीती वाटली. एकेक दगड असा रंगवलाय, जसं काही कुणी त्याचा पासपोर्ट काढायला बसलाय.

पहिल्या चित्राचं मी मागितलं नव्हतं. मॅडमनीच दिलं. चित्र सोबत पाठवतोय. त्यांना पुढच्या आठवड्यात पाठवायचंय, तुम्ही आधी बघा. तुमच्यासारखं चुका काढणारं माणूस मला दुसरं माहीत न्हाई, आणि हे मी चांगल्या अर्थानं म्हणतोय, निदान बराचसा.

एक सहज विचारतो. उस्ताद आपल्या दोघांना घेऊन सोसायटीची पाटी रंगवायला आमच्या गावी आले होते, तुम्ही आमच्याच घरी उतरला होता. ते तुम्हाला आठवतं का? आईनं धपाटे केले होते, ते मला आठवतं. बाकी काय काय आठवतं तुम्हाला? सहज विचारलं.

तुमचा,
शंकर

*

नांदेड,
१९ जानेवारी २००५

शंकर,

तिळगूळ खाल्ला. गोड बोलणं जमणार नाही.

आधी जे चांगलं आहे ते. भिंतीला दिलेला पांढऱ्या मातीचा रंग तू असा काही आणला आहेस की माझा चहा तसाच निवत पडला. माळवदाच्या मातीवर उगवलेलं वाळकं गवत, त्यातून घरात उजेड सोडणारं सवणं, त्याच्या कडेला धुराची काजळी. कोवळं ऊन. हे सगळं तुझ्या हातून येतं आणि माझ्या हातून येत नाही, हे लिहिताना पेन जरा जड चाललं, पण लिहिलं.

आता चूक. गल्ली सरळ आहे.

दोन्ही बाजूंना घरं सारख्या अंतरावर, प्रत्येकापुढे सारखं अंगण, आणि टोकाला चौक. शंकर, ही गल्ली मी पाहिली आहे. मागच्या वर्षी तुझ्या आत्याच्या नातवाच्या बारशाला आलो होतो तेव्हा तिथूनच जेवायच्या मांडवात गेलो. ही पुनर्वसनाची वसाहत आहे. तिला तू दगडी भिंती चढवल्यास, वर माळवद टाकलंस आणि जुनं गाव म्हणून पाठवलंस. जुन्या किल्लारीत पट्टी लावून आखलेली एक गोष्ट नव्हती.

आणि बाकी सोड, सिनेमाचा तरी विचार कर. सरळ गल्लीत शेळी हरवेल कशी? पोरगी जागेवर उभी राहून बघेल, शेळी समोर दिसेल, सिनेमा संपला!

मला ज्याचा राग आहे ते सांगूनच टाकतो. मॅडमनी हात पाहिला नाही, गाव पाहिलं. तुझ्याकडे भूकंप आहे, माझ्याकडे नुसता हात आहे. आणि ज्याला गाव मिळालं त्याने ते पट्टीने आखून काढलं.

मॅडमना पत्र लिहून ठेवलं आहे. "हे चित्र मला द्या" असं त्यात साफ लिहिलं आहे. गुरुवारी टाकतो. तुला न सांगता टाकलं असं व्हायला नको, म्हणून कळवलं.

मुनीब

*

लातूर,
२ फेब्रुवारी २००५

मुनीबभाई,

पत्र टाकलं नसलं तर टाकू नका. तिकीट वाचेल. मीच मॅडमला फोन केला आणि म्हणालो, ही गल्ली मुनीबभाईला द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, त्यांना दिसते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी फाडणार होतो. भूकंप माझ्याकडं हाय म्हणता. घेऊन जा की भाई. वीरण्णाच्या गाडीत टाकून देतो.

पुढचं कुणाला बोललो न्हाई, तुम्हाला लिहितो. मंडळाच्या विसर्जनाचं काम होतं म्हणून भूकंपाच्या रात्री मी लातुरात मुक्कामाला होतो. अण्णा आणि आई घरात. सकाळी गावात पोचलो तेव्हा गल्लीच नव्हती, वळण कुठनं असणार? दगडावरून दगडावर पाय देत गेलो, आणि आपलं घर कोणतं ते दुसऱ्याला विचारावं लागलं. मग पत्र्याचे शेड. मग प्लॉट. आता डोळे मिटले की प्लॉटच दिसतात, नंबरासकट.

चित्र काढताना मला एकदाही शंका आली न्हाई. मला वाटलं, हेच ते. तुमचं पत्र वाचल्यावर आत्याला विचारायला गेलो. ती म्हणाली, वेशीतून आलं की उजवीकडं. चुलते म्हणाले, डावीकडं. दोघं भांडायला लागले, मग आत्या रडायला लागली, मी निघून आलो.

मी एकोणतीस वर्षं त्या गल्लीतून चाललो. तुम्ही पाहुणे होता, पाटी वाळेपर्यंत राहिलेले. आणि ती तुम्हाला दिसते. कशी काय? उस्ताद म्हणायचे, मुनीब तुझ्यावर जळतो, मी हसण्यावारी न्यायचो. ते जळणं काय असतं ते आता कळलं. माझं गाव तुमच्या डोक्यात हाय आणि माझ्या न्हाई. लई हेवा वाटला भाई तुमचा.

काढा तुम्ही. चांगलं काढा.

शंकर

*

नांदेड,
२० फेब्रुवारी २००५

प्रिय शंकर,

सलाम.

चित्र माझ्याकडे आलं. भांडून घेतलं असतं तर गोड लागलं असतं. तू देऊन टाकलंस, त्यामुळे तोंड कडू झालं. सादिया म्हणाली, "मिल गया ना जो चाहिए था? अब मुँह क्यों लटका है?" तिला काय सांगू?

अण्णा आणि काकू गेले तेव्हाच मी शेडमध्ये येऊन तुझ्याजवळ बसलो होतो. त्यावर पत्रात लिहिणं मला जमत नाही, आणि न जमणारं काम मी हाती घेत नाही. भूकंपाचं ते वाक्य वाईट होतं. पुढे.

गल्ली अशी आहे. वेशीतून आत आलं की सोनाराची ओसरी उजव्या हाताला पुढे आलेली. म्हणून गल्ली तिथे डावीकडे अंग चोरते. तुझे चुलते बरोबर. मग लक्ष्मम्मा कासारणीचा कट्टा, तिच्यापुढे कडब्याची गंज. तिथून उतार लागतो. पावसाचं पाणी मधोमध वाहून दगड उघडे पडलेले. आणि मग एकदम उजवीकडे वळण. आत्याही बरोबर. त्या दोघांना सांग, भांडू नका, एक जण सुरुवात सांगतो आहे आणि दुसरी शेवट. ते वळण इतकं तिखट की बैलगाड्यांचा आख घासून घासून भिंतीच्या कोपऱ्याला हाताएवढी खाच पडलेली, आतून लोण्यासारखी गुळगुळीत. शेळी तिथे हरवेल. वळणाच्या पलीकडे पहिलं दार तुझं.

कसं आठवतं विचारतोस. ऐक.

आपण गेलो ते त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी. त्या दिवशी मी सोसायटीची पाटी संपवली. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, काळी सावली, मात्रा न मात्रा बरोबर. उस्तादांना बोलवायला धावत तुमच्या घरी आलो, तर दारापुढे ही गर्दी. तू उरलेल्या रंगात घराचं दार रंगवलं होतंस. बाभळीच्या वाकड्या फळ्या. तपकिरी रंग ओला असताना त्यावर तू काकूंचा कंगवा फिरवून सागाच्या रेषा काढल्यास, आणि उजव्या फळीवर कडीच्या खाली अंगठा दाबून लाकडाची गाठ. उस्तादांनी वाळल्या कडेला नख मारून पाहिलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णाराव, इतना सागवान कहाँ से लाए भाई?" गल्ली हसली. अण्णा असे उभे राहिले जसं काही त्यांनी खरंच साग आणला. काकूंनी गूळ वाटला, मलाही दिला.

पाटी बघायला त्या दिवशी कुणी आलं नाही. उस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि म्हणाले, "ठीक है."

मी तो गूळ हातात धरून वेशीपर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. दिवेलागणीपर्यंत त्या गल्लीत येरझाऱ्या घातल्या, तुझ्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून. मग बघायला उरलं काय? ओसरी, कट्टा, गंज, उतार, खाच. तेच बघत राहिलो. आतून नुसता जळत होतो. ती गल्ली माझ्यात तशीच्या तशी भाजून निघाली. तू तिच्यातून घरी जायचास. घरी जाणारा माणूस दगड कशाला बघेल?

आता माझी अडचण. गल्ली पूर्ण झाली आहे, दगड न दगड वेगळा. दार होत नाही. पुन्हा पुन्हा काढलं. रेषा काढल्या, गाठ काढली, वार्निशची चमक दिली. प्रत्येक वेळी सागाचं दार होतं. अस्सल सागाचं, कुठल्याही सावकाराला शोभेल असं. तुझं तसं नव्हतं. तुझं दार बाभळीचंच होतं आणि साग असल्याचा रुबाब करत होतं, आणि ते सगळ्यांना कळत असूनही आवडत होतं. तो रुबाब माझ्या हाताला येत नाही. माझा हात खोटं बोलायला तयार नाही, किंवा खोटं बोलताना हसायला तयार नाही. काय ते तू ठरव.

दाराचा लेयर रिकामा ठेवून सीडी पाठवतो आहे. बाकी कशालाही हात लावू नकोस.

मुनीब

*

लातूर,
६ मार्च २००५

मुनीबभाई,

नमस्कार.

दार झालं. सीडी सोबत.

तुमची सीडी टाकली आणि चित्र मोठं करत करत वेशीतून आत गेलो. ओसरीपाशी बोटानंच माऊस डावीकडं नेला, मला विचारलं पण न्हाई. कट्टा आला. लक्ष्मम्मा बांगड्या भरताना हात असा दाबायची की पोरी रडायच्या. हे मला कुठं आठवत होतं? उतारावर आलो आणि वळणापाशी थांबलो. दुकानात एक सर बसले होते, त्यांना म्हणालो, उद्या या. म्हणाले, "अहो, उद्या बॅच सुरू होतीय." म्हणालो, होऊ द्या.

मग वळलो.

कॉम्प्युटरवर रेषा काढून काही जमेना. शेवटी पुठ्ठ्यावर तपकिरी रंग फासला, घरातला कंगवा फिरवला आणि तो पुठ्ठाच स्कॅन केला. बायको म्हणाली, "नवा कंगवा आणा आता." गाठीसाठी अंगठ्याला शाई लावून स्कॅनरच्या काचेवर अंगठा ठेवला. तेव्हाचा अंगठा बारीक होता, आता जाड झालाय. गाठ मोठी आली. तशीच ठेवली.

तुम्ही म्हणाला होता कशाला हात लावू नको. लावला. ती खाच बघितल्यावर आठवलं. आई पान खाऊन येता-जाता बोटाला उरलेला चुना त्या खाचेत पुसायची. अण्णा म्हणायचे, गाडीचा आख घासतोय आणि ही त्याला मलम लावतीय. ते चुन्याचे डाग तुमच्या चित्रात नव्हते. मी टाकले. रागवा पाहिजे तर.

मॅडमना चित्र पाठवलं. त्यांचा फोन आला, चित्र दोनदा उघडून बघितलं म्हणे. मग म्हणाल्या, सिनेमातल्या नावांच्या पाटीवर काय लिहायचं? मी सांगितलं, दोघांची नावं, आधी मुनीबभाईचं. चालेल ना?

शंकर

*

नांदेड,
१४ मार्च २००५

प्रिय शंकर,

सलाम.

चुन्याचे डाग पाहिले. बरोबर जागी आहेत. मी त्या कोपऱ्यावरून इतक्या फेऱ्या मारल्या, खाचेत हात घालून पाहिला, आणि हे डाग माझ्या नजरेतून सुटले कसे, याचा मला गेले चार दिवस त्रास होतो आहे. अंगठा काचेवर ठेवायची युक्ती मला का सुचली नाही, त्याचा वेगळा. शाई नीट पुसलीस ना? नाहीतर तुझ्या पुढच्या टॉपरच्या गालावर तुझा ठसा उमटेल.

काल उस्तादांच्या घरून जन्नतबी खालांना रिक्षाने आमच्याकडे आणलं. उस्ताद गेल्यापासून त्या फारशा बाहेर पडत नाहीत, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. पण मला कुणाला तरी दाखवायचं होतं. खुर्ची स्क्रीनच्या अगदी जवळ ओढून दिली. मी वेशीपासून सुरुवात केली. ही ओसरी बघा खाला, हा कट्टा, हा उतार, एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. त्या "हौ, हौ" करत होत्या, तुझ्यासारख्याच. मग वळण आलं, आणि त्यांनी एकदम पुढे वाकून दारावर बोट टेकवलं.

"ये अपने शंकर का दरवाज़ा है ना? बाभळी का? वो मरते दम तक सुनाते थे।"

मी म्हणालो, "खाला, गल्ली मैंने बनाई। पूरी।"

म्हणाल्या, "हौ बेटा, बनाई होगी। गल्ली तो रहतीच है।"

आणि पुन्हा दार बघायला लागल्या. बोट काढायला तयार नाहीत. बघता बघता हसायला लागल्या, मग पदराने डोळे टिपले. सादिया चहा घेऊन आली, तिलाही म्हणाल्या, "देख, सागवान।" तिनेही दारच पाहिलं. म्हणजे एकवीस वर्षांनी, माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच गल्लीत लोक उभे, आणि बघत आहेत काय, तर तुझं दार. गूळ तेवढा वाटायचा राहिला होता. तोही खालांनी सादियाकडे मागितला.

मीही खाल्ला. काय करणार?

नावांचा क्रम तू सांगितला आहेस तोच राहू दे, आधी माझं. मी नको म्हणणार नाही, तशी वाट बघू नकोस. फक्त मॅडमना कळव की ती अक्षरं त्यांनी मशीनवरून घ्यायची नाहीत. पत्रा कापून आणला आहे, अस्तराचा हात वाळतो आहे. पिवळी जमीन, लाल अक्षरं, काळी सावली. तुझ्या शिवशंकर या पूर्ण नावातला "शि" मी तुझ्यापेक्षा चांगला काढतो. पाटी वाळली की वीरण्णाकडे देतो, तू स्कॅन करून पुण्याला पाठव.

मात्रा न मात्रा बरोबर असेल. स्टँडवर उभ्या उभ्या आधी नीट बघून घे, आणि काय वाटलं ते कळव. "ठीक है" म्हणालास तर याद राख.

तुझा,
मुनीब